आज चाखतो, उद्या सांगतो

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले संचालक आणि मान्यवर पाहुणे, टेस्टिंग रूमपासून गोदामापर्यंत ज्यांनी आमच्या ह्यांना एकतीस वर्षं सांभाळून घेतलं ते सर्व सहकारी, आणि आपापल्या घरची कामं बाजूला ठेवून आलेल्या माझ्या भगिनींनो, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मला दोन मिनिटं दिली आहेत. "वहिनी, घरातली एखादी गंमत सांगा, लोकांना आवडतं," असं ते म्हणाले. त्यांचा शब्द मोडायचा माझा विचार नव्हता. मी बारा ओळी लिहून आणल्या होत्या. ह्यांनी काल त्या तपासून दिल्या, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. त्या वाचून मी खाली जाऊन बसणार होते.

पण आत्ताच अध्यक्ष महोदयांनी एक घोषणा केली. कंपनी ह्यांना आज निरोप देत नाहीये. सहा नवे स्वादाचे चहा बाजारात आणायचे आहेत, म्हणून ह्यांना तीन वर्षांची मुदतवाढ दिली आहे. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, सवयीने हात उचलले गेले. मग माझं नाव पुकारलं गेलं आणि या चार पायऱ्या चढता चढता मी त्या बारा ओळी पर्समध्ये टाकल्या. तेव्हा आता जे बोलेन ते तपासलेलं नाही, एवढं समजून घ्या.

अध्यक्ष महोदयांनी ह्यांच्या दोन गोष्टींचं फार कौतुक केलं. पहिली म्हणजे ह्यांची ती प्रसिद्ध शिस्त, "आज चाखतो, उद्या सांगतो." दुसरे टेस्टर घोट घेतला की तिथल्या तिथे निकाल देतात, हे मात्र रात्रभर विचार करतात, असं ते म्हणाले. दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या डब्यांच्या पाठीवर छापलेली ती वाक्यं. लिंबाच्या चहाच्या डब्यावर आहे ना, "नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ऊन यावं तसा"? आल्याच्या डब्यावर, "गरम इस्त्रीच्या कपड्यात हात घालावा तसा"? रोजच्या जगण्यातले इतके बारीक क्षण टिपणारी जीभ कंपनीला पुन्हा मिळणार नाही, असं अध्यक्ष म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. पण मला सांगा, एकतीस वर्षांत ह्यांनी घरची फरशी किती वेळा पुसली असेल? आणि इस्त्री?

हसलात ना? मलाही एके काळी हसू यायचं.

चौदा वर्षांपूर्वी ह्यांना ताप आला होता. साधाच ताप, आठ दिवस अंथरुणात काढले. नवव्या दिवशी बरं वाटलं म्हणून स्वयंपाकघरात स्टुलावर पेपर वाचत बसले. मी गॅसवर दूध ठेवून बाल्कनीत कपडे वाळत घालायला गेले होते. परत येते तो घरभर करपल्याचा वास, पातेलं काळं ठिक्कर, आणि हे हातभर अंतरावर शांतपणे पेपर वाचताहेत.

"अहो, दूध जळलं! वास येत नाही का तुम्हाला?"

ह्यांनी मान वर केली. पातेल्याकडे पाहिलं. मग उठून साबण नाकाला लावला. मग लसूण. मग बाथरूममधली फिनेलची बाटली. चहाचा डबा सगळ्यात शेवटी उघडला, आणि उघडून तसाच हातात धरून फरशीवर बसले. मी ह्यांना असं बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, तापानंतर होतं असं, येईल परत. कधी येईल? सांगता येत नाही. हे म्हणाले, "तोवर ऑफिसात बोलायचं नाही. थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

थोडे दिवस. त्या शब्दांवर मी चौदा वर्षं काढली आहेत.

साध्या काळ्या चहाचं कसंबसं निभलं असतं. पत्ती दिसते, रंग दिसतो, कडूपणा आणि तुरटपणा जिभेला कळतो. पण त्याच वर्षी कंपनीने स्वादाचे चहा काढायचं ठरवलं. लिंबू, आलं, संत्र्याची साल, दालचिनी, गुलाब. तिथे सगळा खेळ वासाचा. पहिल्या दिवशी ह्यांच्यासमोर सात कप मांडले आणि सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हे म्हणाले, "घाई नको. आज चाखतो, उद्या सांगतो." आणि सातही नमुने डब्यात घालून घरी घेऊन आले.

अध्यक्ष महोदय, तुमच्या त्या शिस्तीचा जन्म असा झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ह्यांनी मला उठवलं. तोंडात काही घालायच्या आधी चाखायचं. वजन करून पत्ती, उकळतं पाणी, घड्याळ लावून पाच मिनिटं. चमच्यातून सुर्रकन आवाज करत घोट ओढायचा, तोंडात फिरवायचा आणि सिंकमध्ये थुंकायचा. मला आयुष्यभर आवाज न करता चहा प्यायची शिकवण, त्यामुळे पहिले आठ दिवस मला ते जमेचना. माझी सात वर्षांची मुलगी दारात येऊन म्हणायची, "आई, तू अशी काय पितेस? शी!" ती आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. बाळा, त्याचं उत्तर तुला आज मिळतंय. उशीर झाला, खरं आहे.

हे विचारायचे, "काय वाटतं?" मला या धंद्यातले शब्द येत नव्हते. मी बाई आपली घरातली. मला जे आठवायचं ते मी सांगायचे. लिंबाचा घेतला आणि म्हटलं, "फरशी पुसून झाल्यावर खिडकीतून ऊन येतं ना, तसं वाटतंय." संत्र्याचा घेतला आणि म्हटलं, "शेजारच्या घरात कुणीतरी दार उघडं ठेवून संत्रं सोलतंय. आपल्याला देणार नाहीये, पण बरं वाटतंय." हे एका वहीत सगळं उतरवून घ्यायचे. ऑफिसात गेल्यावर त्याचे धंद्याचे शब्द करायचे. एकदा चुकून माझंच वाक्य रिपोर्टात राहिलं. जाहिरात विभागाला ते इतकं आवडलं की त्यांनी डब्यावर छापलं. झालं! त्या दिवसापासून निकालाबरोबर वाक्यही हवं झालं.

सुरुवातीला मला आवडलं, खोटं कशाला बोलू? दुकानात डबा उलटा करून स्वतःचं वाक्य वाचताना छाती फुगायची. शेजारी कुणी त्या डब्याचं कौतुक केलं की मी मुकाट्याने भाजी निवडायचे. पण हळूहळू मी कशात अडकले ते माझ्या लक्षात यायला लागलं.

आमच्या घरात ह्यांच्या जिभेसाठी आधीपासूनच कच्चा कांदा नव्हता, लसणाची फोडणी नव्हती, सेंट नव्हतं, वासाचं तेल नव्हतं. मला वाटलं होतं, ह्यांचं नाक गेलं तर निदान फोडणी तरी परत येईल. कसलं काय! तेच सगळे नियम आता माझ्या जिभेसाठी झाले. आठवड्यातून दोनदा चाखायचं असायचं, मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे. म्हणजे सोमवारी कुठे मुक्कामाला जायचं नाही, गुरुवारीही नाही. मग उरतं काय? मला कुणी कोंडून ठेवलं नव्हतं हो, दार उघडंच असायचं. पण दारापर्यंत गेलं की आज वार कोणता ते आधी आठवायचं. मला सर्दी झाली की हे तासन् तास उशाशी बसायचे, वाफारा द्यायचे, कपाळावर हात ठेवायचे. चाळीत असो की बंगल्यात, इतकी सेवा करणारा नवरा कुणाला मिळतो? पण हे माझी काळजी करताहेत की माझ्या नाकाची, ते मला कधी कळलं नाही. मला वाटतं, ह्यांनाही कळत नव्हतं.

आणि एक गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलते. मुलगी एकदा तापातून उठली, मी तिला पहिल्यांदा अंघोळ घातली, टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं. तिच्या ओल्या केसांना नाक लावलं, आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला? की हे गुलाबाच्या चहाला चालेल. चाललंही. तुमच्या गुलाबी डब्यावर आहे ते. माझ्याकडे माझं असं जे काही थोडंथोडकं होतं, सकाळचं ऊन, धुतलेली चादर, लेकीचे केस, ते सगळं मी एकेक करून देऊन टाकलं. आता लेकीला जवळ घेतलं की मला डबा दिसतो.

सूत्रसंचालक साहेब, तुमची चिठ्ठी मिळाली. दोन मिनिटं केव्हाच संपली, ठाऊक आहे मला. पण कार्यक्रमात पुढे फक्त चहापान आहे, आणि या सभागृहात चहा गार झाला तर कुणी मरणार नाही. मला पुढचं बोलायचं आहे, कारण आत्तापर्यंतचं सगळं माझ्या एकटीचं होतं. एवढ्यावरच असतं तर मी आजही बारा ओळी वाचून खाली बसले असते. नवऱ्याचं झाकावं, असंच मला वाटत आलं आहे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं, दुसऱ्या गावी. ताईला माझ्याशिवाय कुणी नाही. मी म्हटलं, "मंगळवार असो नाहीतर शुक्रवार, मी जाणार." हे नाही म्हणाले नाहीत. पण दालचिनीच्या चहाचा मोठा माल बाजारात जायचा होता. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या पत्त्यावर कुरिअरने पाकीट आलं. त्यात चार पुड्या आणि चिठ्ठी, "फक्त दहा मिनिटं काढ."

मी नर्सकडून गरम पाणी मागून घेतलं आणि जिन्याशेजारच्या बाकावर स्टीलच्या पेल्यात तो चहा केला. आजूबाजूला औषधांचा वास, नुकतीच फिनेलने पुसलेली फरशी. घोट घेतला. दालचिनी कळली. पण तिच्या मागे आणखी काहीतरी होतं, बंद खोलीतल्या ओलसर भिंतीसारखं. पुन्हा घ्यावा का? तेवढ्यात ताईला स्ट्रेचरवर घालून ऑपरेशनला न्यायला लागले, आणि ह्यांचा फोन वाजला.

"कसा आहे?"

"ठीक आहे."

"नक्की?"

"ठीक आहे म्हटलं ना! ठेवा फोन!"

मी पेला बाकाखाली सरकवला आणि स्ट्रेचरमागे धावले. ताई वाचली, आज ठणठणीत आहे. माल मात्र तीन आठवड्यांत दुकानांतून परत आला. डबे उघडले की बुरशीचा वास. नशीब एवढंच की कुणाला काही झालं नाही. ह्यांनी मला सांगितलं, "गोदामात ओल आली होती, त्याचं झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस." मी विश्वास ठेवला. विश्वास ठेवणं सोयीचं होतं.

पुढे साडेतीन वर्षांनी कंपनीच्या स्नेहसंमेलनात मी पाणी घ्यायला गेले, तर तिथे लॅबच्या बाई उभ्या होत्या. तुम्ही सगळे ओळखता त्यांना. दहा वर्षं प्रयोगशाळेत काम करून, परीक्षा देऊन त्या टेस्टिंग रूममध्ये आल्या होत्या. हेच मला घरी सांगायचे, "या बाईचं नाक माझ्या उमेदीच्या काळातल्यासारखं आहे." मी सहज विचारलं, "कसं चाललंय टेस्टिंगचं काम?"

त्या म्हणाल्या, "मी आता लेबलिंगला असते, मागच्या गोदामात. तो दालचिनीचा माल परत आला होता ना, तेव्हापासून."

"त्याचा तुमच्याशी काय संबंध?"

"साहेब घरी विचार करायला नमुने नेतात, ते मी बांधून देते. मी चुकीचे नमुने बांधून दिले, असं चौकशीत ठरलं."

"आणि तुम्ही दिले होते का चुकीचे?"

त्या हसल्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "वहिनी, मी तर माल थांबवा म्हणून लिहून दिलं होतं. पण तो कागद फायलीत सापडला नाही. जाऊ द्या. पाणी घ्या तुम्ही."

त्या दिवशी घरी येऊन मी ह्यांच्यासमोर उभी राहिले. "त्या बाईंनी लिहून दिलं होतं?"

हे उठले, कपाट उघडलं, मुलीच्या शाळेच्या दाखल्यांची फाईल काढली आणि तिच्यातून एक कागद काढून माझ्या हातात ठेवला. साडेतीन वर्षं तो तिथे होता. फाडून टाकता आला असता. तेही ह्यांच्याने झालं नव्हतं.

"हा कागद फायलीत ठेवला असता," हे म्हणाले, "तर सगळ्यांनी विचारलं असतं, हिला जो वास आला तो तुम्हाला कसा आला नाही? काय सांगितलं असतं मी?"

"खरं."

"खरं सांगितल्यावर माझं काय उरतं? तूच सांग. मला दुसरं काय येतं?"

माझ्यासमोर तोच माणूस होता, चहाचा डबा हातात धरून फरशीवर बसलेला. हे म्हणाले, "अडीच वर्षं राहिली आहेत. निवृत्त झालो की दुसऱ्याच दिवशी मी स्वतः जाऊन सांगतो. शब्द देतो." आणि मी, या बायका समोर बसल्या आहेत त्यांच्यादेखत कबूल करते, मी "बरं" म्हटलं. म्हणजे त्यानंतरची अडीच वर्षं त्या बाई ह्यांच्या एकट्यामुळे गोदामात नव्हत्या. माझ्यामुळेही होत्या.

तो दुसरा दिवस उद्या होता. त्या उद्यावर मी एकेक मंगळवार, एकेक शुक्रवार ढकलला. आणि आज अध्यक्ष महोदयांनी अतिशय प्रेमाने तो उद्या तीन वर्षं पुढे नेला. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठून "नको" म्हणतील असं वाटलं. हे उठले, हार घेतला, मुदतवाढीचं पत्र घेतलं आणि वाकून नमस्कार केला. मला राग नाही आला. चौदा वर्षं मीही तेच केलंय, कुणी काही दिलं की वाकून घेतलंय. पण आता माझ्याने नाही होत.

तो कागद माझ्याजवळ आहे, उद्या ह्यांच्या हातात द्यायचा म्हणून पर्समध्येच ठेवला होता. वाचून दाखवते. "दालचिनी, मोठा माल. चारही नमुन्यांना बुरशीचा वास. माल थांबवावा, पुन्हा तपासणी करावी." खाली बाईंची सही.

काय म्हणताय? अहो, मोठ्याने बोला, मला ऐकू येत नाहीये.

हे म्हणताहेत, "तारीख पण वाच."

वाचते. तारीख अकरा. माल बाहेर पडला एकोणीसला. आठ दिवस आधी बाईंनी लिहून दिलं होतं. आणि हे आता उभे राहिलेत... मुदतवाढीचं पत्र ह्यांनी टेबलावर ठेवलंय. अध्यक्ष महोदय, ते तुमच्याकडे परत आलंय. त्यासोबत बाईंचा हा कागदही मी ठेवते. फायलीत त्याची जागा रिकामीच असेल. पुढचं काय करायचं ते कंपनीने ठरवायचं, ह्यांना जी शिक्षा व्हायची ती होईल, तिला आमची तयारी आहे असं मी म्हणणार होते, पण ह्यांच्या वतीने बोलायचं मी आता थांबवते. माझ्या वतीने सांगते, उद्या पहाटे साडेपाचला मी उठणार नाही.

आपण सर्वांनी दोन मिनिटांऐवजी इतका वेळ मला ऐकून घेतलंत, मध्येच माईक बंद केला नाहीत, याबद्दल अध्यक्षांची, संचालकांची आणि विशेषतः सूत्रसंचालकांची मी आभारी आहे. समारंभाला शोभणारं बोलणं माझ्याकडून झालं नाही. कमी-जास्त काही निघून गेलं असेल तर ते आपण सगळ्यांनी पोटात घालावं, ही विनंती.

बाई, तुम्ही मागे दाराजवळ बसला आहात. उठू नका, बसून राहा, आज उभं राहायची पाळी आमची आहे. ही विनंती बाकी सगळ्यांना आहे, तुम्हाला नाही. तुम्ही सहा वर्षं पोटातच घातलंय. आता नका घालू.